वीज, पाणी आणि मजूरमंत्री बाबासाहेब

दरवर्षी १४ एप्रिलच्या रात्री औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, भडकल गेट रोषणाईने उजळून निघते. वस्त्यावस्त्यांतून मिरवणुका येतात, पुतळ्याला अभिवादन होते, पहाटेपर्यंत निळ्या झेंड्यांची गर्दी हटत नाही. त्या रोषणाईमागे वीज असते आणि त्या विजेमागे एक धोरण असते. या देशातील विजेच्या आणि पाण्याच्या सरकारी धोरणाचा पाया घालणाऱ्यांमध्ये बाबासाहेब होते, हे आमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? आम्ही महाडचे बाबासाहेब सांगतो, घटनाकार बाबासाहेब सांगतो, धम्मचक्र फिरविणारे बाबासाहेब सांगतो. चार वर्षे या देशाचे मजूर खाते सांभाळणारे बाबासाहेब मात्र आमच्या व्याख्यानांतून क्वचितच भेटतात.

सरकारी उद्योग ठेवावेत की विकावेत, यावर आज दिल्लीत आणि शेअर बाजारात चर्चा होते. ज्यांच्या पोरांचे भवितव्य त्या निर्णयावर अवलंबून आहे, त्यांना कोणी विचारत नाही. आम्हीही तो प्रश्न अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांवर सोपवून मोकळे झालो आहोत. म्हणून या प्रश्नाच्या अंगाने बाबासाहेबांचे आयुष्य पुन्हा एकदा वाचावे, असे आम्हाला वाटते.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत त्यांचा जन्म झाला. वडील सुभेदार रामजी लष्करात होते. महारांना माणूस म्हणून उभे राहण्याची संधी देणारी ती एक सरकारी नोकरी होती. पण १८९० च्या दशकात इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. राज्यसंस्था एका हुकमाने दार उघडते आणि दुसऱ्या हुकमाने बंद करते, हा धडा भीमरावांना घरातच मिळाला. पुढे १९१३ मध्ये ते अमेरिकेला गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, म्हणजे राज्याच्या खजिन्यातील पैशावर. १९१७ मध्ये करारानुसार बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्याच राज्याच्या कचेरीत शिपाईही त्यांच्यापासून अंतर राखून वागत आणि गावात राहायला खोली मिळत नव्हती. सरकारी खुर्ची मिळाली म्हणजे जात सुटत नाही, हेही त्यांनी सोसून पाहिले. राज्यसंस्थेवर त्यांची भाबडी श्रद्धा कधीच नव्हती, हे पुढचे समजून घेण्यासाठी लक्षात ठेवले पाहिजे.

कोलंबिया विद्यापीठात १९१५ मध्ये एम. ए. साठी त्यांनी विषय घेतला तो ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराचा आणि अर्थव्यवस्थेचा. हा योगायोग नव्हता. नफ्यासाठी काढलेली एक व्यापारी कंपनी जेव्हा अख्ख्या देशाची मालक होते, तेव्हा रयतेचे काय होते, हे त्यांनी जमाखर्चाच्या आकड्यांवरून दाखविले. कर भरपूर वसूल झाला, तो लढायांवर आणि भागीदारांच्या नफ्यावर गेला. रस्ते, कालवे अशा लोकोपयोगी कामांच्या वाट्याला फारच थोडे आले. देश कंपनीच्या हाती देण्याचा प्रयोग या भूमीवर एकदा होऊन गेला आहे, आणि त्याचा हिशेब चोवीस वर्षांच्या एका महार विद्यार्थ्याने मांडून ठेवला आहे.

१९१८ मध्ये त्यांनी लहान शेतजमिनींवर लेख लिहिला. शेतीचे तुकडे फार झाले म्हणून शेतकरी गरीब, असे तेव्हाचे विद्वान सांगत होते. बाबासाहेबांनी उलटा विचार मांडला. तुकडे हे दुखणे नव्हे, दुखण्याचे लक्षण आहे. शेतीवर पोट भरणाऱ्या हातांची गर्दी झाली आहे आणि त्यातले निम्मे हात रिकामे आहेत. त्या हातांना शेतीबाहेर काम द्या, कारखाने काढा, म्हणजे शेतीही सुधारेल. पुढची पंचवीस वर्षे त्यांच्या आर्थिक विचाराचे सूत्र हेच राहिले. १९२३ चा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ, १९२५ चा प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ आणि त्याच वर्षी चलनविषयक रॉयल कमिशनपुढील साक्ष, यांतून एक गोष्ट दिसते. सरकारच्या तिजोरीकडे ते कारकुनासारखे नव्हे, तर त्या तिजोरीतून आपल्या माणसापर्यंत काय पोहोचते या नजरेने पाहत होते.

१९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. लोकांच्या हितासाठी जेथे गरज असेल तेथे उद्योग सरकारने चालवावेत, सरकारच्या मालकीचे असावेत, हे तत्त्व पक्षाच्या कार्यक्रमातच होते. १९३७ मध्ये कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी कायदेमंडळात आणले आणि जानेवारी १९३८ मध्ये हजारो कुळांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर नेला. पुढच्याच महिन्यात मनमाडला अस्पृश्य रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ज्यांना त्यातला एकच शत्रू दिसतो, त्यांनी मनमाडचे भाषण पुन्हा वाचावे. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत झालेल्या संपात लाल झेंड्याच्या पुढाऱ्यांबरोबर ते उभे होते.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. १९४६ पर्यंत ते त्या जागेवर होते. या खात्याकडे नुसते कामगार नव्हते. सार्वजनिक बांधकाम, खाणी, पाटबंधारे आणि वीज हेही त्याच खात्याकडे होते. कोळशाच्या खाणीत मजूर कसे काम करतात हे पाहण्यासाठी डिसेंबर १९४३ मध्ये ते स्वतः झरियाच्या खाणीत उतरले. खाणीत जमिनीखाली बायकांना कामाला लावण्यावर बंदी होती, ती युद्धाच्या गरजेसाठी त्यांच्याच काळात उठवावी लागली आणि त्यावर टीकाही झाली. १९४६ मध्ये ती बंदी पुन्हा लागू झाली. सेवायोजन कार्यालये, मालक-मजूर-सरकार यांची त्रिपक्षीय परिषद, आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांचे काम, आरोग्य विम्याच्या योजनेची तयारी ही त्या काळातील कामे. आज ज्यांना आठ तासांची पाळी सहज मिळालेली वाटते, त्यांनी ही चार वर्षे विसरू नयेत.

युद्धानंतरच्या पुनर्रचनेसाठी ज्या समित्या नेमल्या गेल्या, त्यांतील पाटबंधारे आणि वीज यांवरील धोरण समितीचे अध्यक्ष बाबासाहेब होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये समितीपुढे बोलताना त्यांनी विजेच्या मालकीचा प्रश्न सरळ मांडला. वीज खाजगी मालकीची असावी की सरकारी? खाजगी मालकी हवी असेल तर लोकांच्या हितासाठी तिच्यावर कोणती बंधने घालावीत? आणि सरकारी हवी असेल तर ती केंद्राची असावी की प्रांताची? वीज स्वस्त हवी आणि मुबलक हवी, कारण विजेशिवाय कारखाने नाहीत आणि कारखान्यांशिवाय दारिद्र्यातून सुटका नाही. १९१८ च्या लेखातील रिकामे हात त्यांच्या डोळ्यांपुढून हलले नव्हते. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक विद्युत मंडळ स्थापन झाले, १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे आणि नौकानयन आयोग. आजचे केंद्रीय विद्युत प्राधिकरण आणि केंद्रीय जल आयोग यांच्या वंशावळीत ही नावे येतात.

१९४३ मध्ये बंगालमध्ये दामोदर नदीला मोठा पूर आला. पुराला फक्त बांध घालायचा, एवढीच तोपर्यंतची सरकारी समजूत होती. बाबासाहेबांनी अमेरिकेतील टेनेसी खोरे प्राधिकरणाचा नमुना पुढे ठेवला. एका नदीच्या संपूर्ण खोऱ्याचा एकत्र विचार करायचा. त्याच पाण्याने पूर थोपवायचा, शेती भिजवायची, वीज काढायची, नावाही चालवायच्या. १९४५ मध्ये कलकत्त्याच्या बैठकांतून केंद्र, बंगाल आणि बिहार सरकारांना त्यांनी एका टेबलाशी बसविले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कटकला महानदीविषयी तोच विचार मांडला. ओरिसा गरीब आहे तो पाणी जास्त म्हणून नव्हे, पाणी वाया जाते म्हणून, असा त्यांचा रोख होता. यातून १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ आले आणि महानदीवर हिराकूड धरण उभे राहिले. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. दामोदरचे काम त्यांनी सरकारी कचेरीच्या लाल फितीत टाकले नाही. त्यासाठी स्वतंत्र महामंडळ हवे, असे ठरले. उद्योग व्यवहाराने चालावा, हिशेब चोख असावा, याला त्यांचा विरोध नव्हता. मालकी लोकांची असावी, हा त्यांचा आग्रह होता.

आणि मालकी लोकांची म्हणजे आमचीही. व्हाइसरॉयला दिलेल्या १९४२ च्या निवेदनात त्यांनी अस्पृश्यांसाठी सरकारी नोकऱ्यांत वाटा मागितला, परदेशी उच्च शिक्षणासाठी पैसा मागितला, इतकेच नव्हे तर सरकारी बांधकामाच्या ठेक्यांतही वाटा मागितला. ऑगस्ट १९४३ मध्ये केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवल्या गेल्या. १९४६ मध्ये त्या १२.५ टक्के झाल्या. म्हणजे सरकार उद्योग उभारणार आणि त्या उद्योगात अस्पृश्यांना जागा असणार, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने, एकाच काळात घडविल्या. आज मात्र त्या एकमेकींपासून तोडून पाहिल्या जातात. आरक्षण वाचवा म्हणून मोर्चा निघतो, पण ज्या उद्योगात ते आरक्षण आहे तो उद्योग विकला जात असताना मोर्चा निघत नाही.

मार्च १९४७ मध्ये त्यांनी घटना समितीच्या मूलभूत हक्कांच्या उपसमितीला एक निवेदन सादर केले. राज्ये आणि अल्पसंख्याक या नावाने ते प्रसिद्ध आहे. त्यात राज्य समाजवादाची योजना होती. कळीचे उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत आणि राज्याने चालवावेत. मूलभूत उद्योग राज्याने किंवा राज्याच्या महामंडळांनी चालवावेत. विमा हा फक्त राज्याचा व्यवसाय असावा आणि प्रत्येक प्रौढ माणसाचा विमा उतरविलेला असावा. शेतजमीन राज्याने रोखे देऊन ताब्यात घ्यावी, ठरावीक आकाराची शेते करावीत, ती गावकऱ्यांना जात न पाहता कसायला द्यावीत. जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर असा भेदच उरू नये. पाणी, बियाणे, खत, अवजारे राज्याने पुरवावीत. आणि हे सगळे घटना लागू झाल्यापासून दहा वर्षांच्या आत व्हावे.

या योजनेतला सर्वांत महत्त्वाचा भाग आमच्या मते मालकीचा नाही, तो ही योजना कोठे लिहायची याविषयीचा आहे. बाबासाहेब म्हणत होते की ती घटनेतच लिहा. साध्या कायद्याने आणलेली गोष्ट दुसऱ्या बहुमताने साध्या कायद्याने जाते. ज्यांचे बहुमत कधीच होणार नाही, त्यांच्या भाकरीचा प्रश्न बहुमताच्या मर्जीवर सोडू नका. राज्याने हस्तक्षेप करू नये म्हणजेच स्वातंत्र्य, असे म्हणणाऱ्यांना त्यांचे उत्तर असे होते की, राज्य बाजूला झाले तर ते स्वातंत्र्य जमीनदाराला भाडे वाढविण्याचे आणि मालकाला मजुरी घटविण्याचे असते. बेकार माणसाला नोकरी आणि मूलभूत हक्क यांतून एक निवडायला सांगितले, तर तो हक्क सोडून नोकरी धरील. अशा माणसाच्या हातातील हक्काला अर्थ काय?

ही योजना स्वीकारली गेली नाही. मसुदा समितीचे अध्यक्ष झाल्यावर बाबासाहेबांना घटना समितीच्या मताने चालावे लागले. नोव्हेंबर १९४८ मध्ये प्रा. के. टी. शाह यांनी घटनेत समाजवादी हा शब्द घालण्याची सूचना केली, तेव्हा बाबासाहेबांनी ती नाकारली. कोणती समाजरचना हवी हे त्या त्या पिढीने ठरवावे आणि मार्गदर्शक तत्त्वांत ती दिशा आलेलीच आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १९४७ आणि १९४८ च्या या दोन भूमिकांत ताण आहे. तो लपविण्याचे कारण नाही. पण जेवढे साधता आले तेवढे त्यांनी साधले. संपत्ती मूठभरांच्या हाती साचू नये, हे कलम ३९ मध्ये आले. ते कायदामंत्री असताना १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने राज्याला किंवा राज्याच्या महामंडळाला एखादा व्यवसाय पूर्णपणे आपल्याकडे घेण्याचा अधिकार कलम १९ मध्ये स्पष्ट झाला. सरकारी पैशाचा हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकाला घटनेतील सर्वांत महत्त्वाचा अधिकारी मानावे, इतके ते त्याविषयी दक्ष होते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात राजकीय समता आणि आर्थिक विषमता यांच्या विसंगतीचा इशारा त्यांनी दिला, तो या नाकारलेल्या योजनेच्या पार्श्वभूमीवर वाचावा.

याच काळात त्यांची पावले आमच्या मराठवाड्याकडे वळली. निजामाच्या राजवटीत शिक्षणापासून तोडलेल्या या भागात जून १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली आणि पुढे ते मिलिंद महाविद्यालय झाले. नागसेनवनात खेड्यापाड्यांतील भूमिहीनांची पोरे आली, वसतिगृहात राहिली, सरकारी शिष्यवृत्तीवर शिकली. मग ती कोठे गेली? वीज मंडळात, एस. टी. महामंडळात, टपाल खात्यात, रेल्वेत, बँकेत, विमा महामंडळात, जिल्हा परिषदेत. मिलिंदने पदवी दिली आणि सार्वजनिक क्षेत्राने पगार दिला. आज शहरातील बौद्ध वस्त्यांत जी पक्की घरे दिसतात, ज्या घरांतून डॉक्टर, इंजिनिअर निघाले, त्यांतील अनेकांचा पाया या दोन विटांवर आहे.

१९५१ च्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या जाहीरनाम्यात त्यांनी आपली कसोटी आणखी नेमकी केली. जेथे राष्ट्राने उद्योग हाती घेणे शक्य आणि आवश्यक आहे, तेथे ते करावे. जेथे आवश्यक नाही, तेथे खाजगी उद्योगाला वाव असावा. विम्याचे राष्ट्रीयीकरण मात्र त्यांनी मागितलेच. जानेवारी १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ सुरू झाले. त्यानंतर तीन महिन्यांनी, ६ डिसेंबर १९५६ रोजी, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. पुढे जानेवारी १९५७ मध्ये पंडित नेहरूंनी हिराकूड धरणाचे उद्घाटन केले. ते पाहायला बाबासाहेब नव्हते.

त्यांची भीती खरी ठरायला पस्तीस वर्षे लागली. १९९१ च्या नव्या आर्थिक धोरणानंतर निर्गुंतवणूक सुरू झाली. २००० मध्ये मॉडर्न फूड गेली, २००१ मध्ये बाल्को. बाल्कोचे कामगार सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा विक्री हा सरकारच्या धोरणाचा भाग आहे आणि आपण सरकारी कंपनीचेच कामगार राहू असा हक्क कामगारांना नाही, असा निकाल लागला. घटनेत लिहिलेले नसले की काय होते, ते यावरून कळते. २०२२ च्या जानेवारीत एअर इंडिया खाजगी हातात गेली आणि मे महिन्यात आयुर्विमा महामंडळाचे साडेतीन टक्के शेअर विकले गेले. कंपनी विकली गेली की ती कलम १६(४) मधील राज्याची सेवा राहत नाही आणि नव्या भरतीत आरक्षण उरत नाही. आरक्षणाचे कलम कोणी खोडत नाही, ते जेथे लागू होते ती जागाच नाहीशी होते. जेथे कंपनी विकली जात नाही तेथे कंत्राटी भरती येते. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाह्ययंत्रणेमार्फत भरतीचा आदेश काढला. तरुणांच्या संतापामुळे पुढच्याच महिन्यात तो मागे घ्यावा लागला. म्हणजे रेटा दिला तर निर्णय मागे जातो.

आमच्या शहराने तर बाबासाहेबांच्या खात्यातील दोन्ही विषयांचा खाजगी प्रयोग अनुभवला आहे. २००५ मध्ये राज्य वीज मंडळाच्या कंपन्या झाल्या. मे २०११ मध्ये औरंगाबाद शहराची वीज वितरण व्यवस्था फ्रँचायझी म्हणून एका खाजगी कंपनीला दिली गेली. थकबाकीच्या वादातून नोव्हेंबर २०१४ मध्ये महावितरणला ती परत घ्यावी लागली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शहराचा पाणीपुरवठा समांतर जलवाहिनीच्या करारानुसार खाजगी कंपनीकडे गेला. करार वीस वर्षांचा होता. २०१६ मध्ये महापालिकेने तो रद्द केला. नाथसागर लोकांच्या पैशातून बांधला, पाइप लोकांच्या पैशातून टाकले, आणि पाणी विकण्याचा अधिकार मात्र कंपनीचा! प्रयोग फसल्यावर निस्तरायला पुन्हा सरकारच आले.

यावर कोणी म्हणेल, सरकारी कारभार तरी कोठे चांगला आहे? खरे आहे. परत घेतल्यानंतरही शहराला वर्षानुवर्षे दिवसाआड पाणी मिळाले नाही. सरकारी उपक्रमांत भ्रष्टाचार आहे, अनुशेष आहे, आमच्या माणसाची बढती अडविणारे साहेब आहेत. बडोद्याच्या कचेरीत बाबासाहेबांनी हेच सोसले होते. पण त्यावरून त्यांनी कचेरी सावकाराला विकून टाका, असे म्हटले नाही. सरकारी साहेबाविरुद्ध माहितीचा अर्ज करता येतो, अनुसूचित जाती आयोगाकडे जाता येते, विधानसभेत प्रश्न विचारता येतो, पाच वर्षांनी मत फिरविता येते. खाजगी मालकापुढे यातले काय चालते? वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांसाठी जमीन आणि रस्ते सरकारच्या औद्योगिक विकास महामंडळाने दिले, पाणी सरकारी धरणाचे दिले. त्या कारखान्यांत कंत्राटदाराच्या हाताखाली राबणाऱ्या आमच्या पोराला विचारा.

म्हणून सरकारी उपक्रम तोट्यात आहे असे कोणी सांगितले की आम्ही बाबासाहेबांचीच कसोटी लावावी. हा उद्योग लोकांच्या हाती राहणे आवश्यक आहे का? तोटा कोणी केला, महालेखापरीक्षक काय म्हणतो? विकल्यानंतर वस्तीतल्या माणसाला वीज आणि पाणी कोणत्या दराने मिळेल? त्याच्या मुलाला तेथे नोकरी राहील का? या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय कोणत्याही विक्रीला आमची संमती असता कामा नये. हे प्रश्न महापालिकेच्या सभेत, वीज आयोगाच्या जाहीर सुनावणीत, आमच्या मतांवर निवडून गेलेल्या आमदार-खासदारांपुढे विचारावे लागतील. कर्मचारी संघटनांचा संप झाला की ते पगारवाढीसाठी ओरडतात, असे म्हणून आम्ही वस्तीत बसून राहतो. ते सोडावे लागेल.

येत्या जयंतीला भडकल गेटवर रोषणाई होईल, ती झालीच पाहिजे. पण त्या उजेडात एखाद्या मंडळाने १९४७ च्या निवेदनाचे जाहीर वाचन ठेवावे. मजूरमंत्र्यांनी उभे केलेले जे अजून आमच्या मालकीचे आहे, त्याची एक यादी वस्तीवस्तीत लागावी. काय राखायचे आहे हे एकदा समजले, तर ते राखायला आमचा समाज उभा राहील, याविषयी आम्हाला शंका नाही.